सगळ्यात लहान मोकळा नंबर

लिनक्सच्या मशीनवर टर्मिनल उघडा आणि चालू असलेल्या बॅश शेलच्या, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, प्रॉक फोल्डरात (चालू प्रोग्रॅमची माहिती लिनक्स इथे दाखवतो) जाऊन त्याच्या उघड्या फाइल बघा. साधारण चार नंबर दिसतील: ०, १, २ आणि २५५. पहिले तीन ओळखीचे आहेत. शून्यावर कीबोर्डकडून येणारं, एकवर पडद्यावर जाणारं, दोनवर चुकांचे निरोप. पण तीन, चार, पाच सोडून चौथी फाइल एकदम २५५ वर जाऊन का बसली? तिथेच स्टेटस नावाच्या फाइलमध्ये 'एफडीसाइझ' (एफडी म्हणजे उघड्या फाइलचा हा नंबर) अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे २५६ लिहिलेलं असतं. फाइल चार, जागा दोनशे छप्पन्न.

या २५५ चं कारण समजायला आधी एक जुना नियम समजून घ्यावा लागतो. तो एका ओळीचा आहे: प्रोग्रॅमने फाइल उघडली की कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, त्याला जो सगळ्यात लहान मोकळा नंबर असेल तोच द्यायचा. कुठलाही मोकळा देऊन चालत नाही, सगळ्यात लहानच हवा.

तुळजापूरला नवरात्राच्या गर्दीत चप्पल स्टँडवर बिल्ला देणारा माणूस असं करत नाही. हाताला जो बिल्ला लागेल तो देतो, आणि त्याचं बरोबरच आहे. खिळ्यावर शेवटी अडकवलेला बिल्ला सगळ्यात आधी हातात येतो, शोधायला वेळ जात नाही. त्याला जर कुणी सांगितलं, की बाबा, दर वेळी मोकळ्यांतला सगळ्यात लहान आकडाच द्यायचा, तर रांग थेट बसस्टँडपर्यंत जाईल. कर्नल मात्र गेली पन्नास वर्षं हेच करतोय, आणि रांग लागू देत नाही.

नियम आला तेव्हा तो नियम आहे असं कुणाला वाटलंही नसावं. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, जास्तीत जास्त १५ फाइल उघड्या ठेवता यायच्या, १९७९ च्या सातव्या आवृत्तीत २०. पंधरा खणांची रांग, शून्यापासून बघत जायचं, पहिला रिकामा दिसला की तोच. सगळ्यात लहान नंबर मिळणं हा त्या शोधाचा आपोआप निघालेला परिणाम होता. पण शेलने त्याच्यावर भिस्त ठेवली. एखाद्या कमांडचं इनपुट कीबोर्डऐवजी फाइलमधून घ्यायचं तर शून्य नंबर बंद करायचा आणि लगेच ती फाइल उघडायची. सगळ्यात लहान मोकळा नंबर आता शून्यच असल्याने फाइल बरोब्बर त्याच जागी बसणार. कमांडला पत्ताही लागत नाही. पुढे हवा तो नंबर सांगून मागायची डुप-टू ही सोय झाली, पण तोवर कितीतरी प्रोग्रॅम या सवयीवर उभे होते, म्हणून पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकातही हा नियम कायम राहिला. सवयीची रूढी आणि रूढीचा कायदा होतो, तसंच.

आता हा नंबर नेमका कशाचा? फाइलचा नाही, इथेच बहुतेकांची गल्लत होते. नंबर म्हणजे प्रोसेसच्या स्वतःच्या टेबलातला खण. त्या खणात आठ बाइटचा एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, असतो. तो ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याला कर्नलमध्ये स्ट्रक्ट फाइल म्हणतात: ही फाइल वाचायला उघडली की लिहायला, आपण आत्ता कितव्या बाइटवर आहोत, आणि आपल्याकडे किती जणांचं बोट आहे, एवढा हिशोब त्यात. आकार दोनशे बाइटच्या आसपास. आणि त्याच्याही पलीकडे खरी फाइल, म्हणजे आयनोड. अशा तीन पायऱ्या.

मधली पायरी फुकटची वाटते, पण तिचं महत्त्व मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या प्रोग्रॅमवरून पटकन कळतं. समजा दोन काट्यांवरचे दोन प्रोसेस एकाच नोंदवहीत काटापट्ट्या लिहितात. आधी फाइल उघडली आणि मग प्रोसेसचा फोर्क केला, म्हणजे त्याची दुसरी प्रत काढली, तर दोघांचे खण वेगळे असले तरी स्ट्रक्ट फाइल एकच. एकाने ऐंशी बाइट लिहिले की दुसऱ्याची लिहायची जागाही ऐंशीने पुढे सरकते, नोंदी एकाखाली एक पडतात. तेच दोघांनी आपापली फाइल वेगवेगळी उघडली, तर दोन स्ट्रक्ट फाइल, दोघांची जागा शून्यापासून, आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीवर चढते. उघडताना ओ-अपेंड, म्हणजे नेहमी शेवटीच लिहायची खूण, लावलं तरच वाचतं. डिस्कवरची फाइल दोन्ही वेळी तीच, कोडही जवळपास तेच; फरक मधल्या पायरीचा.

टेबल साध्या ॲरेचं, म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांचं, का? हॅश किंवा झाड अशी गुंतागुंतीची रचना का नाही? तर याच नियमामुळे. नंबर कायम लहानातला लहान मिळत असल्याने टेबल खालून भरत जातं, मध्ये मोठे खड्डे राहत नाहीत. दहा फाइल उघड्या असलेल्या प्रोसेसचे नंबर बहुधा शून्य ते पंधराच्या आतच असतात. मग कशाला हवी हॅश? नंबरला आठने गुणा, टेबलाच्या पत्त्यात मिळवा, पॉइंटर हातात. फाइल एकदाच उघडली जाते आणि तिच्यावर वाचण्या-लिहिण्याच्या फेऱ्या हजारोंनी होतात. उघडताना जे चार पैसे जास्त मोजले, ते पुढच्या प्रत्येक फेरीत वसूल. नियम कटकटीचा आहे असं म्हणणाऱ्यांनी ही बाजू धरलेली नसते.

लिनक्समध्ये हे टेबल फाइल्स-स्ट्रक्ट नावाच्या रचनेतून सापडतं आणि तिच्या पोटातच पहिले ६४ खण ठेवलेले असतात. चौसष्ट पॉइंटर, म्हणजे ५१२ बाइट. त्यांच्या जोडीला एक ६४ बिटांचा शब्द: कुठला खण भरलेला हे सांगणारा. आणखी एक तसाच शब्द: दुसरा प्रोग्रॅम चढवताना, म्हणजे एक्झेक करताना, कुठले खण बंद करायचे ते सांगणारा. नव्या प्रोसेससाठी हे सगळं एकाच मापाच्या तुकड्यात येतं, वेगळी मेमरी मागावी लागत नाही. बहुतेक लहान प्रोग्रॅमना आयुष्यभर या चौसष्ट खणांच्या बाहेर जायची वेळच येत नाही.

पासष्टावा खण लागला की मात्र हलवाहलव. कर्नल १२८ खणांचं नवं टेबल घेतो, मग २५६, ५१२, असं दर वेळी दुप्पट. जुने पॉइंटर आणि बिट नव्या टेबलात उतरवून घ्यायचे आणि मग फाइल्स-स्ट्रक्टमधलं बोट नव्याकडे वळवायचं. जुनं टेबल लगेच मोडता येत नाही, कारण त्याच क्षणी दुसरा एखादा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणारं काम, जुन्या टेबलातून पॉइंटर वाचत असू शकतो. म्हणून आरसीयू नावाची पद्धत: आधीपासून वाचत असलेले सगळे बाहेर पडले याची खात्री झाल्यावरच जुनं टेबल सोडायचं.

इथे एक बारीक काटा आहे, मोठे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या पायात तो कधी ना कधी मोडतो. टेबल अनेक थ्रेडमध्ये वाटलेलं असेल, तर वाढवताना कर्नल त्या वाचकांसाठी मध्येच थांबतो. ही थांबणूक मायक्रोसेकंदांत नसते, काही मिलीसेकंदांची असते. त्या वेळी नवी फाइल उघडू बघणारे बाकीचे थ्रेडही खोळंबतात. सर्व्हर सुरू केल्यावर पहिल्या तासात अधूनमधून झटके येतात आणि मग सगळं गुळगुळीत चालतं, असं दिसलं तर बाकी संशयितांबरोबर यालाही रांगेत उभं करावं. इलाज सोपा आहे: प्रोग्रॅम सुरू होताच, एकही नवा थ्रेड काढण्याआधी, एखादी फाइल डुप-टूने मुद्दाम ६५५३५ या नंबरवर घ्यायची आणि लगेच बंद करायची. टेबल एका झटक्यात ६५५३६ खणांचं होतं. थ्रेड एकच असल्याने थांबायचं कारण नाही, आणि प्रोसेस जिवंत आहे तोवर टेबल परत लहान होत नाही. मर्यादा तेवढी वाढवून ठेवलेली हवी, नाहीतर डुप-टूच नकार देतो.

आता मूळ प्रश्न. भरलेल्या टेबलात सगळ्यात लहान मोकळा नंबर पटकन कसा शोधायचा?

पहिली युक्ती म्हणजे पॉइंटर बघत न बसता बिट बघायचे. एका शब्दात ६४ खणांची खबर मिळते. शब्द पूर्ण एकांनी भरलेला असेल तर चौसष्ट खण एका तुलनेत ओलांडले. नसेल तर पहिला शून्य कुठे आहे हे प्रोसेसर जवळपास एका सूचनेत सांगतो. दुसरी युक्ती म्हणजे नेक्स्ट-एफडी नावाचा एक आकडा. त्याच्या खालचे सगळे खण भरलेले आहेत, ही खूणगाठ. शोध शून्यापासून नव्हे, इथून सुरू करायचा. नंबर दिला की तो त्या नंबरच्या एक पुढे जातो. त्याच्यापेक्षा लहान नंबर बंद झाला की तो तिथवर मागे येतो.

वर्षानुवर्षं एवढ्यावर भागलं. मग लाख-लाख जोडण्या धरून बसणारे सर्व्हर आले आणि या दुसऱ्या युक्तीचं वर्म उघडं पडलं. एक लाख सॉकेट, म्हणजे नेटवर्कच्या जोडण्या, उघडे आहेत, तीनपासून लाखापर्यंत सगळं भरलेलं. प्रोग्रॅमने तीन नंबरची छोटी फाइल बंद केली: नेक्स्ट-एफडी तीनवर. लगेच परत उघडली: तीन मिळाला, नेक्स्ट-एफडी चारवर. इथवर झकास. आता नवी जोडणी आली. कर्नलला चारपासून लाखापर्यंत भरलेले शब्द ओलांडत जायचंय, म्हणजे १,५६३ शब्द, आणि तेही टेबलाचं कुलूप हातात धरून, म्हणजे तोवर बाकीच्या थ्रेडना टेबल बदलू न देता. दर सेकंदाला एखादी कॉन्फिगरेशनची फाइल उघडझाप करणारा निरुपद्रवी थ्रेड अख्ख्या सर्व्हरला अशी चाल करायला लावतो.

२०१५ साली लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, यावर जो उपाय घातला तो इतका लहान आहे, की आधी का सुचला नाही असं वाटावं. भरल्या-मोकळ्याची खबर ठेवणारी बिटांची रांग म्हणजे बिटमॅप; त्या बिटमॅपचाच एक बिटमॅप. खालच्या बिटमॅपातला एखादा शब्द पूर्ण भरला, की वरच्यात त्याचा एक बिट लावायचा. खालचा कुठलाही खण मोकळा झाला, की वरचा तो बिट पुसायचा. शोधताना आधी वरच्यात बघायचं. वरच्या एका शब्दात ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६ खणांचा निकाल लागतो. लाख खणांसाठी १,५६३ ऐवजी पंचवीसएक शब्द. गावात बिऱ्हाडाला खोली शोधताना घरोघर कड्या वाजवण्याऐवजी आधी वाड्याच्या दारात विचारावं, आत काही रिकामं आहे का, तसं.

याची किंमतही बघून ठेवू. एका प्रोसेसला मिळू शकणाऱ्या खणांची कर्नलची मूळ कमाल १०,४८,५७६ आहे. तेवढं टेबल खरंच वाढलं तर पॉइंटरना ८ एमबी लागतात, भरलेल्यांच्या बिटमॅपला १२८ केबी, एक्झेकवेळी बंद करायच्यांना आणखी १२८ केबी. आणि या वरच्या बिटमॅपला? २ केबी. तिसरा मजला बांधायची गरज कुणाला वाटली नाही ती म्हणूनच.

उघडताना आणि बंद करताना कुलूप लागतं, वाचताना-लिहिताना लागत नाही. कर्नल खणातला पॉइंटर उचलतो, स्ट्रक्ट फाइलवरची बोटं मोजणारा आकडा एकने वाढवतो, पण तो शून्य झालेला नसेल तरच. आणि मग खणात पुन्हा डोकावून बघतो, पॉइंटर अजून तोच आहे ना. मधल्या मध्ये कुणी फाइल बंद करून त्याच खणात दुसरी बसवली असेल तर घेतलेलं परत ठेवून पुन्हा पहिल्यापासून. प्रोसेसला एकच थ्रेड असेल तर हेही सोडून देतो: टेबलाला दुसरा वाली नाही, मग बोटं वाढवायची कुणासाठी? अनेक प्रोसेसर एकाच आकड्यासाठी झोंबतात तेव्हा तो आकडा वाढवणं वाचण्याच्या कामापेक्षा महाग पडू शकतं. त्यामुळे ही काटकसर कंजूषपणाची नाही.

कर्नल आपल्या बाजूने एवढी काळजी घेतो, आणि प्रोग्रॅम लिहिणारे त्याच नियमावर आपटतात.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एकच नंबर दोनदा बंद करणे. मोंढ्यातलाच प्रोग्रॅम घेऊ. एका थ्रेडने ९ नंबर बंद केला. चूक हाताळण्याच्या वाटेत तोच ९ पुन्हा बंद करायची ओळ आहे. त्या दोन ओळींच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने हिशोबाची फाइल उघडली. तिला कोणता नंबर मिळणार? सगळ्यात लहान मोकळा. नऊ. आता पहिल्या थ्रेडची दुसरी ओळ ती हिशोबाची फाइल बंद करते. तिसरा थ्रेड बँकेच्या सर्व्हरकडे सॉकेट उघडतो, त्याला नऊ मिळतो, आणि दुसरा थ्रेड भाबडेपणाने आपली नोंद नऊवर लिहितो. तुरीच्या कट्ट्यांची नोंद बँकेच्या जोडणीत जाते, आणि कुठेही एक एरर येत नाही. चप्पल स्टँडवर बिल्ला परत दिला पण आकडा कागदावर लिहून ठेवला, आणि तासाभराने तोच आकडा सांगून दुसऱ्याच्या चपला घालून निघालो, त्यातली गत. नंबर कसेही वाटले जात असते तर हा अपघात क्वचित घडला असता. सगळ्यात लहान नंबर द्यायच्या नियमाने तो जवळपास ठरलेलाच आहे. म्हणून बंद केल्याबरोबर तो व्हेरिएबल उणे एक करून टाकावा. आणि लिनक्सवर क्लोजने, म्हणजे फाइल बंद करणाऱ्या हाकेने, 'मध्येच अडथळा आला' असं कळवलं तरी ते परत चालवू नये. नंबर तोवर मोकळा झालेला असतो आणि परत केलेलं क्लोज म्हणजे तेच दुसऱ्यांदा बंद करणं.

दुसरा प्रकार गळतीचा. दर काटापट्टीला एक फाइल उघडायची आणि बंद करायला विसरायचं. बहुतेक ठिकाणी प्रोसेसची चालू मर्यादा १०२४ असते, म्हणजे नंबर ० ते १०२३. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बारा-पंधरा फाइल सोडल्या तर हजाराच्या जरा पुढे गेल्यावर 'टू मेनी ओपन फाइल्स'. उन्हाळ्यात दिवसाला दीडदोनशे पट्ट्या होत असतील आणि रात्री मशीन बंद होत असेल, तर ही चूक वर्षभर दिसणार नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक वाढली, एका दिवसात हजार पट्ट्या ओलांडल्या, की नेमकं दुपारी बंद पडणार. रीस्टार्ट केलं की चालू. मग हंगामात मशीनवर 'लोड येतो' असं निदान होतं आणि मर्यादा वाढवून ६५,५३६ केली जाते, म्हणजे दुखणं पुढच्या हंगामावर ढकललं. आधी प्रॉकमधल्या एफडी फोल्डरातल्या नोंदी दर दहा मिनिटांनी मोजाव्यात. आकडा काम थांबल्यावरही खाली येत नसेल तर ती गळती. नोंदींत एकच नाव पुन्हापुन्हा दिसतं, त्यावरून कोडातली जागाही सापडते. निरोपाच्या शेवटी 'इन सिस्टिम' असेल तर मात्र प्रकरण वेगळं: अख्ख्या मशीनची मर्यादा संपली आहे, एका प्रोसेसची नाही.

नंबर संपल्यावर सर्व्हर शांत बसत नाही, हेही लक्षात असू द्यावं. नवी जोडणी दारात उभी असते, ती आत घेणारी ॲक्सेप्ट ही हाक नंबर नाही म्हणून परत येते, जोडणी रांगेतच राहते, जोडण्यांवर लक्ष ठेवणारा ईपोल पुन्हा सांगतो 'दारात कुणी आहे', आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर फिरत राहतो. जुने लोक यासाठी डेव्ह-नल ही कायम रिकामी असणारी फाइल उघडून एक नंबर राखीव ठेवतात. वेळ आली की तो सोडायचा, त्या मोकळ्या नंबरवर जोडणी घ्यायची, लगेच बंद करायची, आणि डेव्ह-नल परत उघडून जागा धरायची. टँकरच्या रांगेत रिकामी घागर ठेवून नंबर धरण्याचाच प्रकार. पण इथे दुसऱ्या थ्रेडने मध्येच ती जागा पळवली नाही तरच जमतो.

मर्यादा वाढवण्याचंही पथ्य आहे. सिलेक्ट, म्हणजे ईपोलच्या कामाची जुनी पद्धत, वापरणाऱ्या जुन्या कोडात १०२४ बिटांचाच संच असतो. १०२४ किंवा त्यापुढचा नंबर त्यात घातला की तो संचाच्या बाहेरच्या मेमरीत लिहितो. तसा कोड असेल तर आधी त्याच्या जागी पोल किंवा ईपोल आणायचा, मग मर्यादा वाढवायची. उलट टोकाला, काही कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवायच्या बंदिस्त खोल्यांमध्ये, मर्यादा १,०७,३७,४१,८१६ इतकी सोडलेली सापडते. नवा प्रोग्रॅम चढवण्याआधी 'तीनपासून मर्यादेपर्यंत सगळं बंद' असं फिरणारं जुनं कोड तिथे शंभर कोटींहून जास्त वेळा क्लोज म्हणत बसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम लटकला. २०२० मध्ये लिनक्स ५.९ सोबत आलेलं क्लोज-रेंज हे काम एका हाकेत करतं, कारण टेबल खरंच किती मोठं आहे ते कर्नलला माहीत असतं. त्याहून चांगलं म्हणजे फाइल उघडतानाच ओ-क्लोएक्झेक, म्हणजे एक्झेकवेळी आपोआप बंद व्हायची खूण, लावणं.

आणि तो बॅशचा २५५? शेलला स्वतःसाठी टर्मिनलची एक जोडणी उघडी ठेवायची असते. ती साध्या पद्धतीने उघडली तर तीन नंबरवर बसेल, आणि तीन, चार, पाच हे नंबर तर आपण स्क्रिप्टमध्ये हक्काने वापरतो. म्हणून बॅश ती जोडणी उचलून लांब २५५ वर नेऊन ठेवतो आणि खालचे नंबर आपल्यासाठी मोकळे सोडतो. २५५ वर काही ठेवायचं म्हणजे टेबल २५६ खणांचं हवं: दोन केबी, चार फाइलसाठी. शेलमधून चालवलेल्या कमांडकडे तो २५५ जात नाही, एक्झेकच्या वेळी बंद होतो. टेबल मात्र लहान होत नाही. त्यामुळे साधं ग्रेप, म्हणजे फाइलमधल्या ओळी शोधणारी कमांड, चालवून त्याला स्वतःचीच एफडीसाइझ विचारली, तर तीन-चार फाइल हातात असलेलं ते बापडंही २५६ च सांगतं.